गोरं गिऱ्हाईक

गोरी बाई दुकानाची पायरी चढली तेव्हा साळूबाईनं आधी रस्त्याकडं पाहिलं. हिच्या मागं कोण येतंय ते तिला बघायचं होतं. रस्त्यावर एक घोडेवाला आणि शेजारच्यांची शेळी, याखेरीज कोणी नव्हतं. तरी तिच्या जिवाला घोर लागला तो लागलाच.

पाचगणीच्या बाजारात गोऱ्या माणसांचं नवल कुणाला नव्हतं. शाळांमधले साहेब, उन्हाळ्यात हवा खायला येणाऱ्या मडमा, सगळे नानासोंच्या दुकानात जायचे. नानासोंकडं काचेची कपाटं होती, गिऱ्हाइकाला बसायला खुर्च्या होत्या, आणि स्वतः नानासोंना पोटापुरती इंग्रजी यायची. साळूबाईचा नवरा गुंडा सनगर याच्या दुकानात मात्र गोरं पाऊल कधी पडलं नव्हतं. दुकान तरी ते काय! पुढं पडवीत घोंगड्यांच्या घड्या, आत माग, आणि मागच्या अंगाला लोकर साठवायची अंधारी खोली. गिऱ्हाईक म्हणजे घाटाखालचे शेतकरी, हमाल, घोडेवाले. आणि ही बाई काचेची कपाटं ओलांडून सरळ इथं आली होती.

बाई होतीही चमत्कारिक. केस पोरासारखे आखूड आणि अर्धेअधिक पांढरे. गाल बसलेले. पायात पुरुषाचे जाडजूड लष्करी बूट. तिनं एक घोंगडं उलगडलं, त्याची कड बोटांत चोळून पाहिली. घोंगड्याला चिंचोक्याची खळ देतात, त्यानं ते ताठ होतं. बाईनं मान हलवली. मग मागाजवळच्या टोपलीतलं सूत तिला दिसलं. ते जावळाचं सूत होतं, कोकरांच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीचं. तिनं एक लड उचलून गालाला लावली आणि डोळे मिटून घेतले.

"हे पाहिजे," ती म्हणाली.

"सूत?" गुंडानं मागावरनं मान वर केली. "नुसतं सूत घिऊन काय करनार, बाई?"

बाईनं दोन्ही हातांची बोटं हवेत नाचवून काहीतरी विणल्यासारखं करून दाखवलं. मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "पानी हेलेना."

साळूबाईला वाटलं, तहान लागली असेल. तिनं तांब्या पुढं केला. बाईनं आधी तांब्याकडं पाहिलं, मग साळूबाईकडं, आणि मुकाट्यानं सगळं पाणी पिऊन टाकलं. पुढच्या खेपेलाही तेच झालं. तिच्या बोलीत बाईमाणसाच्या नावाआधी आदरानं ‘पानी’ लावतात, हे पुढं बऱ्याच दिवसांनी कळलं. तोवर ती आली की दर वेळी पाणी पीत राहिली.

भाव न करता ती सूत घेऊन गेली. साळूबाईला तेच खटकलं.

"आवं, भाव न करनारं गिऱ्हाईक कवा बघितलंय का तुमी?"

"आगं, ती लांबच्या मुलखातली हाय. पोलंड का काय म्हंत्यात. तिकडं लढाईत घरंदारं गेली त्येंची, म्हनून सरकारनं हिकडं आनून ठिवल्यात. वरच्या बंगल्यात त्येंची छातीच्या दुखन्याची पोरं हायेत. त्येंचं करती ही."

"सरकारनं आनलंय न्हवं? मग सरकारचंच मानूस."

यावर गुंडानं पुन्हा मागाकडं मान वळवली. सन चव्वेचाळीसचे दिवस. साळूबाईचा धाकटा भाऊ नाथाजी सरकारविरुद्ध उठलेल्या सांगलीकडच्या पोरांत सामील होऊन भूमिगत झाला होता. विट्याच्या बाजूला एका चावडीचं दप्तर जळालं, त्यात त्याचं नाव आलं आणि त्याच्यावर वॉरंट निघालं. दोनदा तो घाट चढून बहिणीकडं आला होता, लोकरीच्या ढिगात झोपला होता आणि उजाडायच्या आत निघून गेला होता. तेव्हापासून साळूबाईला रस्त्यावरचं प्रत्येक माणूस पाळतीवरचं वाटायचं. भिकारी दारात आला तरी ती त्याचे पाय बघायची. भिकाऱ्याच्या टाचा फुटलेल्या असतात, पोलिसाच्या नसतात, असा तिचा हिशेब होता.

बाई येत राहिली. बाजाराच्या दिवशी हटकून, कधी मध्येही. साळूबाई चरख्यावर बसलेली असली की ती शेजारी उकिडवी बसायची आणि टक लावून बघायची. लोकर कुठून येते, कोण कातरतं, कोण पिंजतं, सगळं तिला हवं असायचं. एकदा तर उठून मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि आत वाकून पाहिलं. साळूबाई चटकन आडवी आली.

"तितं काय न्हाई. मेंढरांची घान हाय."

"मेंढरं," बाईनं तो शब्द घोळवून पाहिला आणि हसली. तिच्या हसण्यात काही काळंबेरं दिसत नव्हतं. पण साळूबाईला वाटलं, हेर काय कपाळावर लिहून आणतो?

मग तिच्याबरोबर आणखी दोघी-तिघी यायला लागल्या. त्या आपसात चिवचिवायच्या, सुताच्या लडी हातात घेऊन वजन बघायच्या आणि भरपूर घेऊन जायच्या. गुंडा खूश होता. त्यानं आटपाडीकडच्या पाहुण्यांना निरोप धाडला की जावळाची लोकर असेल तेवढी पाठवा. साळूबाईची झोप मात्र उडाली. बंगल्याला लागणारं सामान पुरवायचं कंत्राट नानासोंकडं होतं. लोकरीचे गुंडेही त्यांच्या कपाटात असणारच. तिथं सोडून या बायका खळीचा आणि मेंढरांचा वास खायला इथं का येतात, या प्रश्नाचं उत्तर तिला एकच सुचत होतं.

आणि तेच उत्तर एके दिवशी नानासो स्वतः घेऊन आले. त्यांनी कधी या दुकानाची पायरी चढली नव्हती. पडवीत उभे राहून, धोतराचा सोगा सावरत, ते हळू आवाजात म्हणाले, "साळूबाई, बरं चाललंय म्हणायचं."

"तुमच्या किरपेनं."

"माझ्या कृपेनं नव्हे, त्या मडमेच्या. पण जपून राहा. परवा ती फौजदारकचेरीतनं बाहेर पडताना मी डोळ्यांनी बघितलं. ज्याच्या घरात तुमच्यासारखी नड आहे, त्यानं असलं गिऱ्हाईक उंबऱ्यात घेऊ नये. मी आपलं शेजारधर्मानं सांगितलं."

नड म्हणजे फरारी भाऊ, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरजही नव्हती. ते गेल्यावर साळूबाई पुन्हा सूत काढायला बसली. चरख्यावरचा धागा तीनदा तुटला. परदेशी माणसांना महिन्याच्या महिन्याला कचेरीत हजेरी द्यावी लागते, हे तिला कोण सांगणार? गुंडाला ती म्हणाली, "बास झालं. ह्या बायांस्नी आता सूत द्याचं न्हाई."

त्याच आठवड्यात नाथाजी आला. या वेळी तो चालत आला नाही, तर एका लाकूडगाडीत मोळ्यांच्या आड लपून आला. अंग भट्टीसारखं तापलं होतं. साळूबाईनं त्याला मागच्या खोलीत लोकरीवर निजवलं. दुपार झाली की त्याला हुडहुडी भरायची. तीन-तीन घोंगडी घालूनही दात वाजायचे. मग घाम फुटायचा आणि तो मेल्यासारखा पडायचा. डॉक्टरला बोलवायची सोय नव्हती. साळूबाई काढे पाजत होती आणि कान रस्त्याकडं लावून बसली होती.

नेमका बाजाराचा दिवस उजाडला आणि हेलेनाबाई आली.

"सूत न्हाई," साळूबाई म्हणाली. "संपलं. जावा."

बाईला कळलं नाही. तिनं टोपलीकडं बघितलं. टोपली खरंच रिकामी होती.

"लोकर?"

"लोकर बी न्हाई. जावा म्हनते न्हवं!"

गुंडा बाजारात गेला होता. दारात एक घोडेवाला घोंगडं मागायला आला. साळूबाई त्याच्याकडं वळली आणि तेवढ्यात बाई सवयीनं आत गेली, लोकर कुठं असते ते तिला ठाऊकच होतं. साळूबाईनं मान वळवली तेव्हा ती मागच्या खोलीच्या दारात उभी होती. साळूबाई धावली. पण उशीर झाला होता.

आत नाथाजी थडथडत होता. घोंगड्यांचा ढीगच्या ढीग हलत होता. बाईनं त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या उशाशी ठेवलेल्या कुऱ्हाडीकडं पाहिलं, मग साळूबाईकडं पाहिलं. तिचा चेहरा एकदम वेगळाच झाला. ती आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटली आणि जवळजवळ पळतच दुकानाबाहेर पडली. ते बूट दगडी रस्त्यावर खाडखाड वाजत लांब गेले.

गुंडा परतला तेव्हा साळूबाईनं भावाच्या अंगात बंडी चढवली होती.

"त्येला आत्ताच्या आत्ता हलवा. ती कचेरीत गेली."

"आगं, अंगात ताप हाय त्येच्या. घाट कसा उतरंल?"

"ताप उतरस्तवर बसलो तर हातात बेड्या पडतील. उठा तुमी."

बाजार उठला तेव्हा घाटाखालची माणसं परत निघाली होती. त्या गर्दीत, डोक्यावर घोंगड्याची खोळ ओढून, गुंडाच्या खांद्यावर भार टाकत नाथाजी गेला. पसरणीला गुंडाची चुलती धोंडुबाई राहायची. तिच्या मेंढवाड्यात त्याला ठेवायचं ठरलं. साळूबाई कितीतरी वेळ दारात उभी होती. माणूस दिसेनासा झाला तरी त्याचा खोकला तिला ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आणि दोन शिपाई आले.

साळूबाईनं त्यांना बघितलं आणि तिला आश्चर्य वाटलंच नाही. उलट, आपला तर्क खरा ठरल्याचं एक कडवट समाधानच वाटलं. मागची खोली तिनं झाडून घेतली होती. शिपाई सरळ तिकडंच गेले. लोकर उपसली, गोणी उलट्या केल्या. गुंडा अजून घाटाखालीच होता.

"कुठं ठेवलंस?" हवालदारानं विचारलं.

"कोन?"

"कोण काय? सरकारी ब्लँकेटी! वरच्या बंगल्यातल्या ब्लँकेटी ह्या बायका चोरून तुला आणून देतात, तू त्या उसवतीस आणि त्येचंच सूत इकतीस, अशी तक्रार हाय तुझ्यावर."

साळूबाई बघतच राहिली. नाथाजीचं नावच नव्हतं. तिला क्षणभर वाटलं, हा डाव असेल. भलतंच विचारून बोलतं करायचं आणि मग मूळ गोष्टीवर यायचं.

"तक्रार कुनी केली?"

"ज्येचा माल पडून राह्यलाय त्येनं केली," हवालदार त्रासून म्हणाला. "काचेच्या कपाटात बघ जाऊन. आमाला काय हौस हाय व्हय लोकर उपसायची?"

त्याच वेळी पायरीवर बूट वाजले. हेलेनाबाई आत आली. तिची एक मूठ घट्ट मिटलेली होती. साळूबाईला वाटलं, संपलं. आता ही बोट करणार, म्हणणार, काल इथं एक माणूस होता. तिनं डोळ्यांनीच बाईला धरून ठेवलं. दुसरं काय करता येत होतं?

गोरी बाई बघून हवालदारानं टाचा जुळवल्या. मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत त्यानं विचारलं, सूत इथलंच का, की बंगल्यातल्या ब्लँकेटींचं. दोनदा सांगितल्यावर बाईला अर्थ लागला आणि तिच्या बसलेल्या गालांवर रक्त चढलं. तिनं अंगावरचा कोट उघडला. आत तिनं स्वतः विणलेली बंडी होती, काळ्याभोर लोकरीची, मधेच पांढरे केस आलेली. सरकारी ब्लँकेटी राखी असतात, हे शिपायांनाही ठाऊक होतं. एवढ्यावर तिचं भागलं नाही. बंडीचं टोक ओढून तिनं हवालदाराच्या नाकापुढं धरलं.

"मेंढरं!" ती ठणकावून म्हणाली. "पैसा दिला. साळूबाईला. मी!"

एक शिपाई फस्सकन हसला. हवालदारानं नाक मागं घेतलं, मिशी पुसली, "ठीक हाय, ठीक हाय" म्हणत तो पायरी उतरला. जाता जाता मात्र वळून बोलला, "तुझ्या भावाचं बी कवातरी बघायचं हायच, साळूबाई."

दुकानात दोघीच राहिल्या. बाईनं मूठ उघडली. कागदाच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या होत्या. तिनं मागच्या खोलीकडं बोट केलं, अंग थडथडून दाखवलं, स्वतःच्या छातीवर हात मारला. मलाही हा ताप होता, असं काहीसं. दोन बोटं वर करून दिवसाच्या खेपा सांगितल्या.

"हितं कोन न्हाई," साळूबाई म्हणाली. "कवाच कोन नव्हतं."

बाई दारापर्यंत गेली. खोली रिकामी होती, लोकर विस्कटलेली होती. मग परत येऊन तिनं पुडी चरख्याशेजारी ठेवली आणि निघून गेली.

साळूबाईनं पुडीला हात लावला नाही. गोळ्या कसल्या? हिनं हवालदाराला गप्प केलं ते खरं. पण का केलं? आज वाचवायचं आणि गोळ्यांच्या मागावर राहून माणूस कुठं आहे ते शोधायचं, असंही असेल. गोळ्यांत विषही असेल. तिनं पुडी उचलून चुलीजवळ नेली. जाळून टाकावी असं मनात आलं. पण नाथाजीचे वाजणारे दात कानांतून जाईनात.

शेवटी तिनं पुडी कनवटीला खोचली, डोक्यावर रिकामी पाटी घेतली आणि घाट उतरायला लागली. उतरताना ती पावलोपावली मागं बघत होती. दोनदा वाट सोडून करवंदीच्या जाळीत बसली. मागून फक्त गुरं आली.

मेंढवाड्यात नाथाजी बरळत होता. त्यानं बहिणीला ओळखलं नाही. गुंडा शेजारी डोकं धरून बसला होता, आणि म्हातारी धोंडुबाई कडूनिंबाचा पाला वाटत होती.

"रातच्यापास्नं असाच हाय," गुंडा म्हणाला, मग तिनं कनवटीतून काढलेल्या पुडीकडं बघून त्यानं विचारलं, "ह्या गोळ्या कुनी दिल्या?"

"तिनं."

"मग दे की त्येला!"

"आदी मी खाते."

गुंडानं हात धरायच्या आत तिनं गोळी तोंडात टाकली. चव इतकी कडू की डोळ्यांत पाणी आलं. ती वाड्याच्या कुडाला टेकून बसली. थोड्या वेळानं कानांत गुणगुण सुरू झाली, जणू आत एक चरखाच फिरतोय. हिवतापावरच्या कोयनेलनं कान असेच वाजतात, हे साळूबाईला ठाऊक नव्हतं. विषच! तिनं गुंडाला जवळ बोलावलं, घरातल्या डाळीच्या मडक्यात पैसे ठेवलेत ते सांगितलं, देवाला हात जोडले आणि वाट बघत राहिली.

सावल्या लांबल्या तरी ती जिवंत होती. कानांतली गुणगुण कमी झाली. धोंडुबाई वैतागून म्हणाली, "आगं, मरायचं असंल तर मर, न्हाईतर ऊठ आन पोराला गोळी दे. कवाची बसलीयास!"

साळूबाईनं भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि गोळी पाण्याबरोबर त्याच्या घशात उतरवली.

पुडी संपायच्या आत नाथाजीची हुडहुडी थांबली. तो उठून बसला, भाकरी मागायला लागला. गोळ्या कुणी दिल्या हे कळल्यावर मात्र त्याचं तोंड उतरलं.

"गोऱ्या बाईनं? आन तू मला चारल्यास, आक्का?"

"मी आदी खाल्ली."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग एकदम हसायला लागला, आणि हसता हसता खोकला. पायांत बळ आलं तसा तो मेंढपाळांच्या एका कळपाबरोबर, खांद्यावर काठी टाकून, सांगलीच्या दिशेनं निघून गेला.

पाचगणीत तोवर नवीन हुकूम आला होता. बंगल्यातल्या बायकांनी माल घ्यायचा तो कंत्राटी दुकानातूनच घ्यायचा. नानासोंनी तो हुकूम दुकानाबाहेर खिळ्यानं ठोकून लावला होता. बाकीच्या बायका यायच्या बंद झाल्या. हेलेनाबाई मात्र बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, नानासोंच्या पायरीवरून सगळ्यांदेखत पुढं चालत आली.

साळूबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मग मनात इतके दिवस डाचत होतं ते विचारलं, हातवारे करून, सोपे सोपे शब्द वापरून. एवढं मोठं दुकान सोडून तू इथंच का येतीस?

बाईनं शब्द शोधले. "माझी आई," ती म्हणाली. "दुकान. सूत, कापड." दोन्ही हात जवळ आणून दुकान किती लहान होतं ते दाखवलं. "मोठा दुकान आला. लोक तिकडं गेला. सगळा." मग तळवे उघडून रिकामे दाखवले. "मी पण गेला. आई बघत होता."

साळूबाई ऐकत राहिली. हे खरं का रचलेलं, ते तिला ठरवता येईना. पण अशी गोष्ट कुणी रचून सांगेल का, हेही तिला कळेना. तिनं कोपऱ्यातली गोणी ओढली, पाहुण्यांनी नुकतीच धाडलेली जावळाची लोकर काढली, आणि तिच्यातली मऊ मऊ निवडून बाईपुढं ठेवली. दोघी समोरासमोर बसून काड्या, गोखरू वेचायला लागल्या.

नाथाजीबद्दल बाईनं कधीच विचारलं नाही. त्या दिवशीही नाही. साळूबाईच वेचता वेचता थांबली.

"भाऊ हुता त्यो माजा," ती म्हणाली. "नाथाजी. जित्ता हाय. बरा हाय."

"भाऊ," बाईनं मान हलवली. मग कितीतरी लांब, डोंगरांच्या पलीकडं हात केला. "माझा पण भाऊ. माहीत नाही." आणि पुन्हा लोकरीवर वाकली.

बाई गेल्यावर साळूबाई चरख्यावर बसली, पण सूत निघेना. भावाचं नाव आपण उघड्या तोंडानं परक्या माणसाला सांगून बसलो. काय गरज होती? तिनं उठून मागच्या दाराची कडी लावली, पडवीत येऊन रस्ता दोन्ही बाजूंनी न्याहाळला. नानासो आपल्या पायरीवर उभे राहून इकडंच बघत होते. साळूबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्यांची नजर वळेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.